चार टायर, एक माप

मला बघायला पेणकडची मंडळी रोह्याला आली, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी बाबांना विचारलं, "पोरीला काय काय येतं?" आई पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. बाबा आता मोदक म्हणतील, निदान शिवणकाम तरी म्हणतील, असं तिला वाटलं. बाबा म्हणाले, "घरातलं सगळं येतं. आणि टायरचं माप न वाचता सांगते."

आईनं डोळे मिटून घेतले. सासरे मात्र मांडीवर थाप मारून इतके हसले की त्यांची टोपी सरकली. "मग आमच्याकडंच पाठवा," ते म्हणाले. बाकीचं बोलणं नंतर झालं, पण माझं लग्न त्या हसण्यातच ठरलं असं मला अजून वाटतं.

बाबांचं रोह्यात कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, हवेचा कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायला पाण्याने भरलेली टाकी आणि भिंतीला लावून रचलेल्या टायरच्या चळती. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. सहाशे-सोळा जीपचा, साडेसातशे-सोळा टेम्पोचा आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा, नऊशे-वीस ट्रकचा. पहिला आकडा टायरच्या जाडीचा, दुसरा आतल्या लोखंडी रिमचा. हे मला पाढ्यांबरोबरच पाठ झालं. गिऱ्हाईक आलं की बाबा आधी विचारत, "गाडी कुठल्या रस्त्यानं जाते?" घाटात जाणाऱ्याला ते एक टायर देत, नदीतून वाळू काढणाऱ्याला दुसरा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला बसवून रस्त्याची सगळी माहिती काढून घेत. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली.

लग्न होऊन मी सासरी आले ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सासर पेणच्या खाली, खाडीकाठी. सासऱ्यांची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. नवरा नागोठण्याजवळ कंपनीत होता, त्याच्या शिफ्ट बदलत राहायच्या, त्यामुळे दिवसभर घरात मी, सासूबाई आणि मामा. गावात चारी बाजूंना पाणी, आणि उन्हाळ्यात प्यायला थेंब नाही. विहिरी खाऱ्या व्हायच्या. गोडं पाणी अलीकडच्या गावाहून आणायचं, आणि मधे तीन किलोमीटरचा खाडीचा बांध. तोच रस्ता. बैलगाडीवर दोन पिंपं यायची, तीही निम्मी सांडून. पावसाळ्यात तर बांधावर गुडघाभर चिखल, आजारी माणसाला झोळीत घालून न्यायचं.

म्हणून मामांनी गाडी घेतली. साधी नव्हे. लष्कराच्या लिलावात निघालेली, चारही चाकांना जोर मिळणारी, हिरव्या रंगाची, मागे ताडपत्रीचं छत असलेली मोठी गाडी. पनवेलच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी ती आणली तेव्हा पेणच्या गॅरेजबाहेर बघे जमले होते. इथून मीठ बाहेर न्यायचं आणि येताना गावाला पाणी आणायचं, असा त्यांचा बेत होता. त्या दिवशी मामांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तसा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

गाडीला एकच खोट होती. मागचे दोन टायर मूळचे, नऊशे-सोळा, पण झिजून गुळगुळीत झालेले. पुढे व्यापाऱ्यानं त्याच्याकडे पडलेले साडेसातशे-सोळा घातलेले, जवळजवळ नवे. मामा मला म्हणाले, "तुझ्या बापसाला बोलाव. टायरचं काय ते त्यांच्या सल्ल्यानं करू."

बाबा दुसऱ्याच दिवशी रोह्याहून आगगाडीनं पेणच्या गॅरेजात आले. कपड्यांची पिशवी खाली न ठेवताच ते वाकून चाकं बघत फिरले. मग म्हणाले, "व्याहीबुवा, मागचे काढा आणि पुढच्यासारखेच साडेसातशे घाला. दोनच लागतील."

मामांचा चेहरा उतरला. "मिलिटरीनं नऊशे घातले, ते काय येडी म्हणून?"

"मग पुढं पण नऊशे घाला. पण चारही एका मापाचे पाहिजेत."

"पुढचे नवे हायत की. ते कशाला टाकू? मागं नऊशे घालतो. ट्रॅक्टरला नाय का, पुढं बारकी चाकं आणि मागं मोठी?"

"ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. ज्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना जोर जातो, त्याचे गिअर त्या मापानंच बनवलेले असतात. या गाडीत चारही चाकांनी सारखेच फेरे घ्यायला हवेत."

"लोखंडाला काय कळतंय?" मामा म्हणाले.

बाबांनी गॅरेजातच चहा घेतला, सासूबाईंनी पाठवलेली वालाच्या शेंगांची पिशवी घेतली, आणि परतीच्या गाडीनं रोह्याला गेले. आठ दिवसांत मामांनी कुठूनतरी दोन नऊशे-सोळा मिळवले आणि मागे घातले. गाडी पुढून खाली झुकलेली दिसायची, शिंगं रोखलेल्या बैलासारखी. गावाला ती फार आवडली.

मला माहीत होतं काय होणार ते. पण सून होऊन दोन महिने झालेले, आणि एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला सासरा. मी गप्प राहिले. त्या गप्प बसण्याची मला नंतर लाज वाटली.

पहिले काही दिवस बरे गेले. मग चैत्रातल्या एका सकाळी सासूबाईंच्या औषधासाठी मी मामांबरोबर पेणला गेले. येताना अलीकडच्या गावात पाण्याची सहा पिंपं भरली. बांध लागला तसा मामांनी चारही चाकांचा जोर जोडणारा दांडा ओढला.

"मामा, रस्ता कोरडा आहे," मी म्हणाले.

"असू दे. घेतली हाय ती काय शोभेला?"

बांधावर नुकताच मुरूम घालून दाबला होता, सिमेंटसारखा कडक. दोन किलोमीटर झाले आणि स्टिअरिंग जड व्हायला लागलं. गाडीच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. मग तेल जळल्याचा वास. उघाडीच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधाला जे दार असतं ती उघाडी. त्यावरून जायला जुन्या दगडांची मोरी होती. मामांनी जोर सोडवायला दांडा मागे ढकलला, हलेना. टाच लावून ढकलला, तरी हलेना.

ऊन डोक्यावर आलं होतं. पलीकडून गावातल्या बायका हंडे घेऊन येताना दिसत होत्या. त्यांना गाडीचा आवाज आलेला. मामा खाली उतरले, एकदा गाडीकडे, एकदा बायकांकडे बघितलं आणि बांधाच्या कडेला बसले. "फसवला मला त्या व्यापाऱ्यानं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. ते गावात कुणापुढे वाकलेले मी पाहिले नव्हते.

मी म्हणाले, "मामा, फसवलेलं नाही. गाडीच्या पोटात पीळ बसलाय."

"म्हंजे?"

"मागचं चाक मोठं, एका फेऱ्यात जास्त जातं. पुढचं लहान, कमी जातं. पण दांडा ओढला की दोघांना एकाच दोरीला बांधल्यासारखं होतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. इथे कडक जमिनीवर घसरायला जागा नाही. मग तो फरक गिअरमध्ये साठतो, सुंभाला पीळ भरतो तसा."

"आणि आता?"

"जॅक कुठं ठेवलाय?"

हंडेवाल्या बायका जवळ आल्या होत्या. त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, "काय गो, तू करणार? त्यांना बसवून?" मी पदर खोचला तसे मामा उठले. "तू सांग," ते म्हणाले, "जॅक मी मारतो."

गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकांना आम्ही दगडांची उटी लावली. मुरूम दबू नये म्हणून जॅकखाली फळी ठेवली. पुढचं डावं चाक उचलायचं मी सांगितलं, आणि सगळ्यांना चाकापासून लांब उभं केलं. मामा जॅक मारत राहिले. चाक जमिनीवरून सुटतं न सुटतं तोच "धाड्" असा आवाज झाला आणि ते आपोआप झटक्यानं फिरलं. हात न लावता. बायका किंचाळून मागे सरल्या, एकीच्या हातचा हंडा घरंगळत बांधाखालच्या चिखलाच्या खाजणात गेला.

"आता दांडा सोडून बघा, मामा."

दांडा दोन बोटांनी सुटला. मामांनी तो तीनदा पुढेमागे केला, खात्री व्हावी म्हणून. मग चाक खाली घेतलं आणि नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर आम्ही गावात पाणी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तंबाखूच्या चंचीतला चुना घेऊन आले. "फरक फरक म्हणतेस तो दाखव."

मिठागराच्या कडेला ओली सपाट चिकणमाती होती. मी पुढच्या आणि मागच्या टायरला खालच्या बाजूला चुन्याचा पट्टा ओढला आणि मामांना गाडी अगदी सावकाश पुढे घ्यायला सांगितलं. चाकाचा एक फेरा झाला की चुन्याची खूण मातीत उठायची. दोन्ही चाकांच्या खुणांमधलं अंतर मी सुतळीनं मोजलं, गाठी मारल्या, आणि दोन्ही सुतळ्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या शेजारी शेजारी धरल्या. एक दुसरीपेक्षा वीतभर आणि वर दोन बोटं लांब होती.

"एवढा? एका फेऱ्यात?"

"एका फेऱ्यात."

ते बांधाकडे बघत राहिले. अख्ख्या बांधावर किती फेरे झाले असतील याचा हिशेब करत असावेत. "आणि हे सगळं माझ्या गाडीच्या पोटात गेलं व्हय," असं म्हणून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. आजारी गुराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग म्हणाले, "आता तूच सांग माप. पण बापसाला बोलू नको, मी विचारलं म्हणून."

मी दोन दिवस मापं घेतली. बांध सगळ्यात अरुंद आहे तिथे किती, पावसात जो चिखल होतो तो किती खोल असतो, हे गावातल्या माणसांना विचारलं. त्यांनी पायांवर खुणा करून दाखवल्या. चिखल वर वीतभर, खाली कडक. त्यासाठी बारीक टायर बरा, तो चिखल कापत खालच्या कडक जमिनीला जाऊन धरतो. जाड टायर वरच तरंगतो आणि अरुंद जागी कडेच्या भुसभुशीत मातीवर जातो. म्हणजे बाबांचा साडेसातशे बरोबर. पण मोरीच्या मधल्या, वर आलेल्या दगडांची उंची मोजली आणि अडचण दिसली. गाडीच्या पुढच्या दोन चाकांमधला जो लोखंडी गोळा असतो, तो दगडाला घासून चकचकीत झाला होता. मागचा गोळा त्याहून मोठा. मागेही साडेसातशे घातले तर तो दोन बोटं खाली येणार, आणि पाण्याचं वजन असताना दगडावर बसणार.

ही अडचण मामांना सांगून मी सुतळ्या आणि आकड्यांची वही घेऊन आगगाडीनं रोह्याला गेले. पेणहून कासू, नागोठणं, निडी, रोहा. निडीला डब्यात चढलेल्या एका बाईनं माझ्या मांडीवरच्या गाठी मारलेल्या सुतळ्या बघून विचारलं, "पाळण्याचं माप का गो?" मी नाही म्हटलं, तर तिला काही पटलं नाही.

दुकानात बाबांनी वही बघितली. मोरीच्या आकड्यापाशी ते थांबले. हात कापडाला पुसत राहिले, पुसलेले हात पुन्हा पुसले.

"बांध मी बघितलाच नाही," ते म्हणाले. "गाडी बघितली आणि माप सांगून मोकळा झालो. जगाला रस्ता विचारतो मी, आणि व्याह्यांना विचारला नाही."

"ते पण रागात होते, बाबा."

"त्यांचा राग कुठं होता? गाडीवर जीव होता त्यांचा. मला ते कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि माझ्याबरोबर आले. मामा बांधावर गाडी घेऊन थांबलेले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, हवापाण्याचं बोलले, टायरचा शब्द कुणी काढला नाही. मग बाबा मोरीवर उकिडवे बसले, आणि थोड्या वेळानं मामाही त्यांच्या शेजारी उकिडवे बसले.

"व्याहीबुवा, तुमचं नऊशे इथं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "माझा साडेसातशे या दगडाला आपटेल."

"नाय नाय," मामा घाईनं म्हणाले, "चारही सारखे पाहिजेत हे तुमचं बरोबर. सूनबाईनं दाखवला मला."

आता दोघंही एकमेकांचं माप घ्यायला निघाले. बाबा म्हणत चारही नऊशे घाला, मामा म्हणत चारही साडेसातशे. मला हसू आवरेना. शेवटी मीच बोलले. नऊशे-सोळा ना पेणला मिळतो ना रोह्याला, ऐन उन्हाळ्यात एक फुटला तर गाव तहानलेलं राहील. साडेसातशे पेणमध्ये कुठल्याही दुकानात मिळतो, अलीकडच्या गावातल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही तोच आहे. बांधाच्या अरुंद जागी तोच नीट बसतो. पाणी भरून ओढायला इंजिनालाही तोच हलका. राहिला प्रश्न दगडांचा. "टायर मोठा करण्यापेक्षा दगड खाली घ्यावे," मी म्हणाले.

मामांना ते रुचलं नाही. "माझ्या आज्यानं बसवलेले दगड हायत ते."

सासूबाई आमच्यासाठी ताक आणि भाकरी घेऊन आल्या होत्या. टोपली खाली ठेवत म्हणाल्या, "आज्यानं बैलगाडीसाठी बसवले. तुम्ही गाडीसाठी बसवा. तुमचा नातू पुढं म्हणेल, माझ्या आज्यानं बसवले."

मामांनी हात पुसले. मग म्हणाले, "भाकरी दे आधी."

ओहोटी बघून गावातली आठ-दहा माणसं पहारी घेऊन जमली. दगड उपसून, खालची माती काढून, चार बोटं खाली पुन्हा बसवले. बाबा शर्ट काढून त्यांच्यात उतरले होते. तोवर त्यांना खाऱ्या चिखलाची सवय नव्हती, दोनदा घसरून बसले त्यात. दुसऱ्यांदा मामांनी हात देऊन उठवलं आणि म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्हालाच चारही चाकांचा जोर पाहिजे." बाबा इतके हसले की पुन्हा बसायची वेळ आली.

दोन साडेसातशे बसवून घ्यायला मामा स्वतः गाडी घेऊन रोह्याला गेले. नऊशेचे दोन त्यांनी विकले नाहीत. गावच्या छोट्या बंदरावर होडी धक्क्याला आपटू नये म्हणून तिथे दोरानं टांगले. त्या उन्हाळ्यात गावाला रोज पाणी आलं. मामा दांडा फक्त चिखलातच ओढायला लागले, आणि कोरडं लागलं की न विसरता सोडायचे.

पुढच्या वर्षी श्रावणात मला दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा पाऊस थांबलेला, पण बांधावर नुसता चिखल. गाडीत मागे गाद्या टाकल्या, सासूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. नवरा शिफ्टला गेलेला, त्याला निरोप पाठवला. मामांनी दांडा ओढला आणि गाडी चालायला लागली. माणूस चालतो त्याहून थोड्याच वेगानं. ताडपत्रीच्या फटीतून मला खाजण हळूहळू मागे जाताना दिसत होतं. मोरी आली तशी मी श्वास रोखला. काही आपटलं नाही. एकदाही गाडी घसरली नाही की थांबली नाही. पेणचा डांबरी रस्ता लागला तेव्हा पुढून फक्त एवढंच ऐकू आलं, "झालं गो पोरी, आता झालं."

दुपारी दवाखान्यात मुलगी झाली. आईबाबा संध्याकाळी रोह्याहून आले. आई धावत खोलीत आली, बाबा आले नाहीत. खिडकीतून बघितलं तर ते गाडीच्या चाकाशी वाकले होते, अंगठ्यानं टायर दाबून बघत. मामा त्यांच्याशेजारी उभे.

"हवा कमी आहे हो," बाबा म्हणत होते.

"मीच कमी केली. चिखलासाठी."

"इतकी?"

"अहो, पोर होती आत. उसळी बसू नये म्हणून."

"मग आता डांबरी रस्ता आहे, भरायला नको का?"

"भरतो की. जरा दम घेऊ दे गाडीला."

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "काय माणसं ही!" तिनं मुलीला उचललं आणि खिडकीशी धरून दोघांना हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. मामा पंप आणायला निघाले होते आणि बाबा त्यांच्या मागोमाग सांगत चालले होते, पुढच्या चाकांत किती भरायची आणि मागच्यांत किती.